तळ्याकाठची गौर

१

सप्टेंबर लागला की आमचं गाव परत आमच्या ताब्यात यायचं. उन्हाळाभर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसे. जो तो पाठीवर सॅक, हातात आइस्क्रीम आणि तोंडाने 'लव्हली, लव्हली' करत तळ्याकडे निघालेला. मग शाळा सुरू व्हायच्या, बोटवाला आपल्या होड्या उलट्या करून ताडपत्रीखाली ठेवायचा आणि उरायचे ते गावचे लोक, एक चर्च, दोन पब, को-ऑपचं किराणा दुकान, सतीशचा दवाखाना आणि तळं. सतीश, माझा नवरा, दातांचा डॉक्टर. अख्ख्या गावाने त्याच्यापुढे आ वासलेला, त्यामुळे आम्हाला सगळे ओळखत. मी आठवड्यातले थोडे दिवस फार्मसीच्या काउंटरवर उभी राहायचे आणि उरलेला वेळ घर कोरडं ठेवण्यात घालवायचे. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर जुनं दगडी घर घेतलं की दुसरा उद्योगच राहत नाही. खिडक्यांवरचं पाणी पुसा, भिंतीवरची बुरशी खरवडा, रेडिएटरवर मोजे वाळत घाला.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सात साली, सासूबाई राहायला आल्या होत्या. पुण्यातलं घर पाडून तिथे बिल्डिंग चालली होती. सासरे बिल्डरवर डोळा ठेवायला भाड्याच्या जागेत थांबले आणि सासूबाई सुटल्या. नाव सुमन, पण स्वभाव लोखंडी. आल्या आल्या त्यांनी माझं मसाल्याचं कपाट नव्याने लावलं, तेव्हापासून मला जिरं सापडलेलं नाही.

एका सकाळी माझ्या लेकीची, कस्तुरीची, वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "अर्चना, गौरी परवा आहेत बरं का."

"पण आई, पुण्याला तर..."

"पुण्याला घर कुठंय? आपल्या गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून आणायच्या. इथे एवढं पाणी दारात आहे. यंदा इथेच."

मी सतीशकडे बघितलं. तो कोर्ससाठी ब्रिस्टलला निघाला होता आणि टाय बांधत होता. असल्या वेळी पुरुषांना नेमका टाय सापडतो. "कर ना, कस्तुरीला मजा येईल," असं म्हणून तो सटकला.

२

देवाधर्मावर माझा फारसा विश्वास नाही, पण घावन-घाटल्यावर आहे, म्हणून मी हो म्हटलं. आमच्याकडे गौरींना मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. काठावरचे सात खडे ताम्हणात घ्यायचे आणि घरी आणायचे, बस. त्या खड्यांच्या रूपाने माहेरवाशीण येते असं मानायचं. तिला पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी गोडाधोडाचं, तिसऱ्या दिवशी दहीभात, आणि मग पुन्हा पाण्यात पोचवायचं. ताम्हण धरणारी मुलगी अनवाणी चालते. वाटेत तिने बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही.

आठ वर्षांच्या कस्तुरीला न बोलण्याची अट घालणं म्हणजे नळाला थांब म्हणण्यासारखं होतं. "आजी, पण माझा पाय थंड झाला तर? मग बोलू शकतो?"

"शकते," मी म्हटलं. "आणि नाही."

तळं त्या दिवशी शिशासारखं पडून होतं. कस्तुरीने फ्रॉक वर धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन खडे निवडले. काठावरचे घे म्हटलं तरी ऐकेना, आतले जास्त शायनी आहेत म्हणाली. मी सासूबाईंना विचारलं, "पुण्यात नदी ओळखीची होती. इथलं पाणी आपल्याला काय ओळखतंय?"

"पाणी ते पाणी," त्या म्हणाल्या. "कुणाची तरी माहेरवाशीण असेलच की."

दारात मी कस्तुरीच्या पायांवर दूध-पाणी घातलं. हॉलपासून वरपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. कार्पेटवरून ती कशी निघणार हा विचार मी गिळला. मग रिवाजाप्रमाणे गौरीला खोली खोली दाखवत हिंडलो. मी विचारायचं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" आणि सासूबाईंनी म्हणायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." स्वयंपाकघर झालं, बसायची खोली झाली, वर झोपायच्या खोल्या झाल्या. शेवटी कस्तुरी जिन्याच्या टोकाला बॉक्स रूमपुढे आपणहून थांबली. तिथे नुसत्या बॅगा आणि एक जुनी गादी. ती दाखवायची असं ठरलं नव्हतं, पण ताम्हण घेऊन ती हलेचना. मी दार उघडलं आणि विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली," उत्तर आलं.

मी वळून बघितलं तर सासूबाई केव्हाच उतरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून धापा टाकत होत्या. कस्तुरीने ओठ घट्ट मिटलेले. तूच बोललीस ना, म्हणून मी डोळे वटारले, तर तिने जोरजोरात मान हलवली. लहान मुलं थापा मारताना अशीच मान हलवतात, असं मी ठरवून टाकलं.

३

पाण्यातला खडा ओला असताना देखणा दिसतो आणि वाळला की राखाडी होतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आमचे खडे वाळले नाहीत. देवापुढे ताम्हणात ठेवले, संध्याकाळी आरती केली, सकाळी बघते तर ते तसेच चमकत होते आणि ताम्हणात बोटभर पाणी साचलेलं. सासूबाईंनी वाहिलेलं हळदकुंकू त्या पाण्यावर तरंगत होतं. मी पाणी ओतलं, खडे पंच्याने पुसले. फार्मसीतून दुपारी आले तोवर पुन्हा पाणी.

सतीशला फोनवर सांगितलं. "कंडेन्सेशन," तो म्हणाला. "तांब्याचं ताम्हण थंड असतं. डीह्युमिडिफायर लाव."

हवेतली ओल शोषणारं ते यंत्र मी लावलं. त्याची टाकी कोरडी राहिली आणि ताम्हण भरत राहिलं. यालाही काहीतरी कारण असणार आणि ते मला माहीत नसणार, एवढंच मी मनाशी म्हटलं. मला तर फ्रिज कसा चालतो तेही माहीत नाही.

मग बाथरूममधला टॉवेल. कस्तुरी शाळेत, सासूबाईंची अंघोळ पहाटेच झालेली, आणि टॉवेल पिळून निघेल इतका ओला. जिन्यावरच्या कार्पेटवर पाय ठेवला की मोजा भिजायचा. पाइप फुटला असेल म्हणून मी सगळीकडे हात लावून बघितलं. ओल फक्त पायऱ्यांच्या मधोमध होती, आम्ही कुंकवाची पावलं काढली होती तिथे. कडेच्या भिंती ठणठणीत.

सासूबाईंना दाखवलं तर त्यांचा चेहरा उजळला. "माहेरवाशीण आहे ती. घरभर हिंडणारच. कुंकू बघ कसं तिने आपसूक पुसून नेलं."

कुंकू खरंच गेलं होतं. ते कसं काढायचं याची मला काळजी होती. काळजी मिटली तेव्हा मात्र मला मुळीच बरं वाटलं नाही.

४

आमच्या शेजारी मिसेस टायसन राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, दिवसभर कात्री घेऊन हायड्रेंजियाच्या झुडपांच्या मागे लागलेल्या. त्याच दुपारी, म्हणजे गौरींच्या दुसऱ्या दिवशी, मी घाटल्यासाठी दूध घेऊन येत होते, तर त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

"काय लव्ह, बरं नाही का लेकीला? शाळेत नाही पाठवलंस?"

"शाळेतच गेलीय की."

"अस्सं?" त्यांनी आमच्या घराकडे बघितलं. "सकाळपासून वरच्या खिडकीत उभी आहे म्हणून विचारलं. मी हात केला तर तिनेही केला."

वरची खिडकी म्हणजे बॉक्स रूमची. काचेवर आतून वाफ धरली होती, दुसरं काही नव्हतं. मी हसून म्हटलं, "तळ्याचं रिफ्लेक्शन पडतं तिथे." मिसेस टायसनही हसल्या, पण त्या पुन्हा कात्रीकडे वळल्या नाहीत. मी आत जाईपर्यंत त्या खिडकीकडेच बघत होत्या.

मी सरळ वर गेले. बॉक्स रूममध्ये बॅगा होत्या, गादी होती आणि तळ्याचा वास होता, म्हणजे गार दगड आणि कुजक्या पानांचा. मी खिडकी उघडून ठेवली. खाली घावन घालताना तीच खिडकी हळूच लागल्याचा आवाज आला. वारा, मी म्हटलं. बाहेर पान हलत नव्हतं.

शाळा सुटल्यावर कस्तुरी घरी आली आणि तिने दोन घावन मागितले. "एक माझा आणि एक तिची."

"कुणाची?"

"तीच. गौर. आई, तिला माझा घर खूप आवडला. ती म्हणते, तिकडे कोणच येत नाही."

"गौर बोलते तुझ्याशी?"

"आधी नाही बोलायचा. आता मी बोलतो ना, ते ऐकून शिकला."

सासूबाई कौतुकाने हसल्या. मी तव्याकडे वळले. आदल्या दिवसापासून वरून कस्तुरीच्या बडबडीचा आवाज यायचा आणि मी तिकडे लक्ष द्यायचं सोडून दिलं होतं. आता आठवून बघितलं, तर त्यातली काही बडबड ती शाळेत असतानाची होती. मला भीती वाटली, आणि ती सासूबाईंना सांगायची लाज वाटली. उद्या पोचवायचंच आहे, एवढाच आधार होता.

५

तिसऱ्या दिवशी कस्तुरी शाळेतून आल्यावर दहीभाताचा नैवेद्य झाला. सासूबाईंनी अक्षता टाकल्या आणि आम्ही निघालो. ऊन डोंगरामागे गेलं होतं, पण उजेड होता. कस्तुरी अनवाणी, पुढे ताम्हण घेऊन. तिचं तोंड इतकं उतरलेलं की मला वाटलं पोरीला ताप येणार.

काठावर सासूबाईंनी वरचं वस्त्र बाजूला केलं आणि थबकल्या. "सहाच आहेत."

"वाटेत पडला असेल," मी म्हटलं.

कस्तुरी रडायला लागली. "ती नाही पडला. मी ठेवला. माझ्या उशीखाली. आजी, तिला नाही जायचं. इट्स रियली कोल्ड डाउन देअर. तिने सांगितलं मला."

सासूबाईंचा लोखंडी चेहरा पहिल्यांदा हललेला मी बघितला. "अर्धी पाठवायची नसते," त्या हळू म्हणाल्या. "अर्चना, जा, घेऊन ये. आणि हे बघ, आणताना बोलू नकोस. मागे बघू नकोस. ती खड्याच्या मागून येते. वळून बघितलंस तर पाण्यापर्यंत यायची नाही, घरीच राहील."

एरवी मी यावर काहीतरी खोचक बोलले असते. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि निघाले. मला ती घरात नको होती. कारण हवं ते असो, भास असो, ओल असो, माझ्या पोरीच्या उशाशी ते नको होतं. मागून कस्तुरी हाका मारत होती, सासूबाई तिला धरून काहीतरी समजावत होत्या.

६

घरात पाऊल टाकल्याबरोबर कळलं की घर रिकामं नाही. हे कसं कळतं ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांना कळतं. वर कस्तुरीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलंगावरची चादर चिंब भिजली होती आणि मधोमध एक खोलगट खड्डा पडला होता, लहान मूल भिंतीकडे तोंड करून झोपावं एवढा. पलंगावर कोणी नव्हतं.

मी उशीखाली हात घातला. खडा बर्फासारखा गार होता. तो उचलला आणि गादीची स्प्रिंग करकरली. तो खड्डा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून आला, जसा कुणी उठून उभं राहिल्यावर येतो.

मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. जिना उतरले. जिन्यावर मागून काही ऐकू आलं नाही. दारातून बाहेर पडून फाटकापाशी पोचले तेव्हा ऐकू आलं. अनवाणी पाय. फरशीवर ओले पाय पडल्यावर होतो तसा चपचप आवाज, लहान, भरभर, माझ्या पावलांना गाठायला धडपडणारा.

मान ताठ धरून मी चालत राहिले. मिसेस टायसन कुंपणाशी होत्या. माझ्याकडे बघून हसल्या, मग माझ्या मागे बघून आणखी प्रेमाने हसल्या. "चल चल, पाय उचल, आईला गाठ," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. येत होती. निघाली होती घरातून. रस्ता संपला, गवत आलं, मग काठावरचे गोटे. मागचे पाय गोट्यांवर अडखळत होते. एकदा दुखल्यासारखा श्वास ऐकू आला. मी कळवळले, पण बोलले नाही आणि वळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंचा शब्द तंतोतंत पाळत होते.

७

सासूबाई पाण्याकडे तोंड करून, डोळे मिटून उभ्या होत्या. बाकीचे सहा खडे त्यांनी सोडले होते. मी काठावर वाकून सातवा पाण्यात सोडला. ती पावलं माझ्या बाजूने पुढे गेली. मी डोळे मिटले. आधी उथळ पाण्याचा आवाज, मग खोल पाण्याचा, मग काही नाही.

"झालं," मी म्हटलं.  "गेली, आई. कस्तुरी कुठंय?"

सासूबाईंनी डोळे उघडले. "म्हणजे? तुझ्यामागे गेली ना घरी? हात सोडवून धावली, मला गौरीला आणायला जायचंय म्हणून. मीच सांगितलं, मग तूही बोलायचं नाहीस हो वाटेत, मुकाट्याने चालायचं."

मला हे समजायला एक क्षण लागला. तो क्षण मी कुणाला माफ करणार नाही.

"घरीच असेल ती," सासूबाई पुटपुटल्या. "घरीच थांबली असेल. मी बघते." आणि साडीचा ओचा धरून त्या घराकडे धावत सुटल्या. मी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. थंडीने छातीत श्वास अडकला. कस्तुरी, कस्तुरी म्हणून मी ओरडत होते आणि दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते. आणि मग एक वेणी हाताला लागली.

ओढली. वर आली ती जड, गार आणि हलत नसलेली. मी तिला काठावर उपडी घालून पाठीवर थापट्या मारल्या. ती पाणी ओकली, खोकली आणि रडायला लागली. तिला उराशी धरून मी जी रडले, तशी मी कुणाच्या मरणाला रडले नाही. "आई," ती दात वाजत म्हणाली, "मी तिचा हात धरला होता. रस्त्याभर. मग पाण्यात तिने माझा हात सोडून दिला आणि परत गेला."

"परत कुठे?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. तिला कडेवर घेऊन मी धावले. आठ वर्षांची ओली पोर, पण मला ओझं वाटलं नाही. जिवंत होती. बाकी सगळं नंतर बघू, असं मी स्वतःला सांगत होते. गरम पाणी, चादरी, सतीशला फोन, उद्याच्या उद्या हे घर सोडायचं, मँचेस्टरला फ्लॅट बघायचा. घरात दिवे लागलेले दिसले आणि मला हायसं वाटलं.

दार उघडं होतं. हॉलच्या उजेडात कस्तुरी उभी होती. शाळेचा कार्डिगन घातलेली, केस कोरडे, वेणी नीट घातलेली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी कडेवर घेतलेल्या पोरीकडे बघत नव्हती. माझ्या गळ्याभोवतीचे गार हात घट्ट आवळले गेले. मला एक पाऊलही पुढे टाकता येईना.

तिने दार लोटलं. सावकाश, घरातल्या माणसाने लावावं तसं. आतून कडी बसल्याचा आवाज आला. मग पोरीला तशीच कडेवर सावरत मी धावले आणि दारावर एका हाताने थापा मारल्या. आतून सासूबाईंचा आवाज आला, सुटका झाल्यासारखा, रडून मोकळा झालेला.

"आई आली का गं तुझी?"

"नाही, आजी," माझ्या मुलीच्या आवाजात ती म्हणाली. "कोणी नाही."